गुण आल्यानंतरचे चार महिने



मी कापडाचा व्यापारी, वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नव्हे; तरीही आज क्षयरोगाच्या औषधाविषयी बोलण्याची अनुमती घेतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात हा रोग अद्याप आहे आणि सरकारी दवाखान्यात औषध विनामूल्य आहे. मग अडते कोठे?

आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथाम्ब्युटॉल ही चार औषधे एकाच गोळीत असतात. रोज किती गोळ्या घ्यावयाच्या, हे रुग्णाच्या वजनावर ठरते. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन एकटेच दिले गेले, तेव्हा रुग्ण सुधारत आणि त्यांतील कित्येक पुन्हा खालावत. कारण त्या औषधाला न जुमानणारे मोजके जंतू मागे राहून वाढत. एकातून निसटलेला जंतू दुसऱ्याने मारावा, हे संयुक्त औषधाचे सूत्र होय. पुढे १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने घरी घेतलेले औषधही आरोग्यधामातील उपचाराइतकेच गुणकारी ठरते, हे दाखवले. भामरागड-एटापल्लीच्या रुग्णाला ही केवढी सोय!

पहिले दोन महिने चारही औषधे, पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. (लघवी लालसर होते ती रिफाम्पिसिनमुळे, घाबरू नये.) दोन महिन्यांत बहुधा खोकला थांबतो, भूक लागते, आणि खरा धोका येथेच असतो. मोहफुले, तेंदूपाने, तेलंगणातील मिरचीतोडणी, असा एखादा हंगाम येतो. माणूस मजुरीला जातो आणि गोळ्या घरी राहतात. उरलेले जंतू पुन्हा बळावतात, औषधाला दाद न देणारेही होऊ शकतात, आणि तोच रोग घरातील मुलांना लागतो.

पोषणासाठी शासन नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपयांप्रमाणे साहाय्य देते. झारखंडमधील २०२३ च्या अभ्यासात शिधा मिळालेल्या कुटुंबांत इतरांना क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. २०२२ पासूनच्या ‘निक्षय मित्र’ योजनेत आपल्यासारखी संस्थाही रुग्णांना शिधा देऊ शकते: धान्य, डाळ, तेल, शेंगदाणे. घरात शिधा असला तर गाव सोडण्याची निकड कमी होईल, असे मला वाटते.

मात्र एका दिवसाचा वाटप-सोहळा नको. एकाच घरी सलग सहा महिने द्यावे, रुग्ण थोडे घेतले तरी चालतील. छायाचित्रे तर मुळीच नकोत. लग्नाच्या वयाच्या मुलीचा रोग गावभर करण्याचा आपल्याला अधिकार नाही. संमती दिलेल्या रुग्णांची माहिती तालुक्याच्या क्षयरोग पथकाकडे मिळते.