तिसरी घंटा



शाळेंतील घंटा आणि नाट्यगृहांतील घंटा या दोहोंत फरक काय, असें मला कोणी दहा वर्षांपूर्वीं विचारलें असतें, तर 'कांहींच नाहीं' असें उत्तर मीं बेधडक दिलें असतें. घड्याळाचा काटा ठरल्या जागीं आला कीं घंटा द्यावयाची. त्यांत कोणाचा सल्ला घेण्याचें कारण काय? सारा जन्म मुलांना 'वेळेवर या' म्हणून बजावण्यांत गेलेल्या मास्तराची समजूत याहून निराळी असणार तरी कशी? परंतु त्या समजुतीची किंमत एका तिसऱ्याच व्यक्तीला मोजावी लागली. म्हणून आज या विषयावर बोलावयास बसलों आहें.

नाटकाला जाणारे आपण सारे तीन घंटा ऐकतों. पहिलीला आपण आवारांत कोणाची तरी वाट पाहत उभे असतों, दुसरीला आंत शिरतों आणि तिसरीला दिवे मंद होऊन पडदा उघडतो. ही तिसरी घंटा देणारा हात रंगमंचाकडचा असतो हें खरें. परंतु त्या क्षणापर्यंत नाट्यगृहांत दोन राज्यें एकाच वेळीं नांदत असतात. पडद्यामागें रंगमंच-व्यवस्थापकाचें राज्य. नेपथ्य पक्कें ठोकलें गेलें काय, दिवे ठरल्या जागीं पडतात काय, पात्रें रंगून तयार आहेत काय, पहिल्या प्रवेशांत वाचावयाचें पत्र टेबलावर आहे काय, ही त्याची चिंता. पडद्यापुढें नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाचें राज्य. तिकीट-खिडकी, दारें, खुर्च्या, पायऱ्यांवरील दिवे, आणि मध्यंतरांतील बटाटेवडे वेळेवर तळले जातात कीं नाहीं, हेंसुद्धां त्यालाच पाहावें लागतें. (वडे थंड असले तर निम्मे लोक नाटकालाच नांवें ठेवतात, हा माझा अनुभव आहे.) आणि या दोघांच्या मध्यें तो जाड पडदा. एकाला दुसऱ्याकडचें दिसत नाहीं.

पूर्वीं याची एवढी अडचण भासत नसे. भरतमुनींनीं तर नाट्यशास्त्रांत पूर्वरंगाचीं एकोणीस अंगें सांगितलीं असून, त्यांतील नऊ पडद्याआडच उरकावयाचीं आहेत. वाद्यें मांडा, जुळवा, गायकांना बसवा; तोंवर प्रेक्षकही स्थिरस्थावर होणार. संगीत नाटक-मंडळ्यांच्या काळीं खेळ रात्रभर चाले. पंधरा मिनिटें इकडे-तिकडे झालीं तरी कोणाचें बिघडत नसे. आजची गोष्ट वेगळी. विलेपार्ल्याचें दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीचें प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचें कालिदास, आमच्या उपनगरांतील कोणतेंही नाट्यगृह घ्या. रविवारीं दुपारीं एक नाटक, रात्रीं दुसरें. दुपारच्या मंडळींचें नेपथ्य उतरतें न उतरतें तोंच रात्रीच्यांचा ट्रक मागील दाराशीं उभा. रंगमंचावरचा मनुष्य मिनिटें मोजतो तो उगीच नव्हे. उलट रविवारींच मध्य रेल्वेवर 'मेगाब्लॉक' असतो. माटुंगा ते मुलुंड गाड्या या मार्गावरून त्या मार्गावर वळवितात, आणि घाटकोपरहून निघालेलें कुटुंब मुलुंडला केव्हां पोहोंचेल हें ब्रह्मदेवालाही सांगतां यावयाचें नाहीं. ही वार्ता पुढच्या दारावरच्या माणसाला असते, विंगेंतल्याला नसते.

व्यावसायिक नाटकांच्या जाहिरातींत 'सूत्रधार' म्हणून ज्याचें नांव छापतात, तो नांदी म्हणणारा नव्हे. प्रयोगाची सारी जुळवाजुळव करणारा गृहस्थ तो. मुरलेला सूत्रधार प्रयोगापूर्वीं आंत-बाहेर फेऱ्या घालून दोन्ही राज्यांत वकिली करतो. हौशी मंडळींत असा कोणी नसतो. आमच्यांतही नव्हता.

आमच्या माजी विद्यार्थ्यांनीं शाळेच्या वाचनालयासाठीं एक नाटक बसविलें होतें. नाट्यगृहाचें नांव सांगत नाहीं. दोष त्यांचा नव्हता. तिकिटावर '४ वाजतां' असें छापलेलें, आणि घंटा माझ्या हातीं. 'विंगेंत कोणालाही सोडूं नये' असा सक्त हुकूम मींच दारावरच्या मुलाला दिलेला. चाराला पांच मिनिटें असतां नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनीं निरोप पाठविला, कीं गाड्या रखडल्या आहेत, शंभरेक माणसें अद्याप यावयाचीं आहेत, थोडें थांबावें. माझ्या आज्ञाधारक विद्यार्थ्यानें तो निरोप्या बाहेरच अडविला. ठीक चारला मीं घंटा दिली. दिवे गेले. पांच-सात मिनिटांनीं ती सारी मंडळी एकदम आली. दारावर बॅटरी एकच. काळोखांत पायऱ्या उतरतांना एक वृद्ध बाई पडल्या आणि त्यांचें मनगट मोडलें. माझ्याच एका विद्यार्थ्याच्या त्या मातोश्री. प्रेक्षागारांतून आलेला गलबला मला विंगेंत ऐकूं आला होता. पहिल्या विनोदाला हंशा मिळाला असें समजून मी मनांत सुखावलों होतों!

मध्यंतरांत व्यवस्थापक भेटले. रागावले नाहींत. 'मास्तर, तुमचें घड्याळ बरोबर होतें,' एवढेंच म्हणाले.

मनगटावर निभावलें, हें नशीब. शिकागो शहरीं इरोक्वॉय नाट्यगृहांत ३० डिसेंबर १९०३ रोजीं दुपारच्या खेळाला रंगमंचावर आग लागली, आणि सुमारें सहाशें माणसें, बहुतेक बायका-मुलें, प्राणास मुकलीं. कित्येक दारें कुलूपबंद, कित्येक पडद्यांनीं झांकलेलीं. आपल्या दिल्लींत उपहार चित्रपटगृहांत १३ जून १९९७ रोजीं ५९ जण गेले; तेथेंही बाहेर पडावयाच्या वाटा अडलेल्या होत्या. हें सांगण्याचें कारण असें कीं, उजेड आंत येतो म्हणून बाजूचें दार बंद करून घ्या, असा आग्रह नाटकवाल्यांकडून पुष्कळदां होतो. मींही केला आहे. दार लोटून घेणें निराळें आणि कडी घालणें निराळें; पण हा फरक कोणीतरी कोणाला तरी तोंडानें सांगावा लागतो.

पुढच्या वर्षापासून आमची रीत बदलली. प्रयोगाच्या पाऊण तास आधीं आमचा रंगमंच पाहणारा गडी आणि नाट्यगृहाचे व्यवस्थापक दोघे मिळून रिकाम्या प्रेक्षागारांत एक फेरी मारतात. घड्याळें जुळवितात, एकेक दार स्वतः ढकलून पाहतात. उशिरा येणारांना पहिला प्रवेश संपेपर्यंत दाराबाहेर थांबवावयाचें, मग मंद उजेडांत दोन बॅटऱ्यांनिशीं आंत घ्यावयाचें, हें तेव्हांच ठरतें. थांबावयाचें तें दहा मिनिटें. त्यापुढें नाहीं, कारण जे वेळेवर येऊन बसले त्यांचाही कांहीं हक्क आहे. दुसऱ्या घंटेनंतर पुढून निरोप येतो, 'प्रेक्षागार तुमच्या स्वाधीन'. तो कानीं पडल्याखेरीज तिसरी घंटा नाहीं. निरोप्यास अडविण्याची कोणाची प्राज्ञा नाहीं.

गेल्या खेपेस अशी नऊ मिनिटें थांबलों. आंत पात्रें कुरकुरत होतीं, पुढें टाळ्या सुरूं झाल्या होत्या, आणि माझा डोळा सारखा घड्याळाकडे. त्या मातोश्री आल्या होत्या. हात अद्याप पुरता वळत नाहीं त्यांचा. पायरीच्या कडेची खुर्ची त्यांनीं मागून घेतली नाहीं, मधलीच घेतली.