प्राथमिक शाळेची वार्ता आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात, शुक्रवार पेठ, सोलापूर येथे दिलेले भाषण)



आताच दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. त्यांच्या मातापित्यांच्या डोळ्यांतील आनंद आपण सर्वांनी पाहिला. तथापि त्या क्षणी एक विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. दहावीचे यश जिला फळ म्हणून लागले, त्या वेलीचे बी दहा वर्षांपूर्वी पहिलीच्या वर्गात पडले होते. त्या वर्गाची आठवण मात्र आपल्या कार्यक्रमपत्रिकेत कोठेच नसते. म्हणून आज आम्ही प्राथमिक शाळेची वार्ता घेऊन आपणांपुढे उभे आहोत.

कोणी विचारील, ज्ञातीच्या संमेलनात सार्वजनिक शाळेचा विषय कशाला? याचे उत्तर इतिहासातच आहे. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. १९११ साली नामदार गोखले यांनी त्यासाठी केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले; ते पुढे फेटाळले गेले. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. स्वतंत्र भारताने २००२ साली घटनादुरुस्ती करून हा मुलांचा मूलभूत हक्क मानला, २००९ साली कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. म्हणजे जोतीरावांच्या मागणीस कायद्याचे पूर्ण रूप येण्यास १२८ वर्षे लागली! इतक्या दीर्घ प्रयत्नाने मिळालेली वस्तू आपल्या पेठेच्या कोपऱ्यावर उभी असता तिच्याकडे पाठ फिरविणे शहाणपणाचे होईल काय?

आपल्या सोलापुराचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने याच शहरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालू केले. ज्यांना शाळेची पायरी चढणेही दुष्कर होते, त्यांनी शिक्षणासाठी काय केले हे पाहिले म्हणजे संघटित समाजाचे पहिले काम कोणते, हे निराळे सांगावे लागत नाही. या शहरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या, माग आणि विड्यांचे कारखाने यांच्या ओढीने चारी दिशांनी माणसे आली. त्यामुळे येथील नगरपालिकेच्या आणि पुढे महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू अशा निरनिराळ्या माध्यमांतून चालत आल्या. घरातील भाषा कोणतीही असो, मुलास अक्षर भेटले पाहिजे, ही या शहराची जुनी रीत आहे.

आता वार्तेकडे वळू. पहिली वार्ता कायद्याची. २००९ च्या कायद्यान्वये सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, विकासाचा आराखडा तयार करणे, मिळालेल्या अनुदानाचा विनियोग पाहणे, ही या समितीची कामे होत. तेव्हा पालक हा शाळेच्या दारात उभा राहणारा अर्जदार नसून शाळेच्या कारभारातील भागीदार आहे.

दुसरी वार्ता भोजनाची. शालेय पोषणाची राष्ट्रीय योजना १९९५ साली सुरू झाली, आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजविलेले अन्न देण्याची पद्धत देशभर रूढ झाली. प्राथमिक वर्गातील मुलास दुपारच्या भोजनातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरले आहे. ते ताटात उतरते की नाही, हे पाहण्यास कोणत्याही मोठ्या पदवीची गरज नाही. आठवड्यातून एकदा एखाद्या आईने शाळेत जाऊन खिचडीची चव घेतली तरी पुष्कळ काम होते.

तिसरी वार्ता वाचनाची. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ हे अभियान सुरू केले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाने मिनिटास किमान ६० शब्द समजून वाचावेत, आणि हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत साधावे, असे त्या वेळी ठरले. बांधवहो, हे उद्दिष्ट फार लहान वाटेल. परंतु सारे पुढील शिक्षण त्यावरच उभे आहे. तिसरीत ज्यास वाचता येत नाही, त्यास चौथीचे गणितही कळत नाही, कारण गणितातील प्रश्नसुद्धा प्रथम वाचावाच लागतो.

चौथी वार्ता प्रवेशाची. विनाअनुदानित खाजगी शाळांतील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांसाठी राखून ठेवण्याची तरतूद याच कायद्यात आहे. ज्या खाजगी शाळेजवळ सरकारी वा अनुदानित शाळा आहे, तिला या बंधनातून सूट देणारा नियम राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द ठरविला. ज्या कुटुंबांस हा हक्क लागू आहे, त्यांनी कागदपत्रे वेळीच जमवावीत. मुदत टळून गेल्यावर पश्चात्ताप करून उपयोग नाही.

आणि एक वार्ता अभिमानाची. आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेतचिन्हे घालून धड्यासोबत ध्वनी व चित्रे देण्याची त्यांची पद्धत पुढे राज्याच्या पुस्तकांतही आली. दहा लक्ष डॉलरच्या त्या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. विद्वत्ता आणि औदार्य ही दोन्ही प्राथमिक शाळेच्या ओसरीवर नांदू शकतात, याचा हा दाखला होय.

आता येणाऱ्या वर्षाचा क्रम पाहू. २०२२ पासून राज्यात पहिलीत येणाऱ्या बालकांसाठी ‘पहिले पाऊल’ या नावाचे शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले. तेथे मूल खेळते, रंग ओळखते, वस्तू मोजते, गोष्ट सांगते. आणि घरी काय करून घ्यावे हे मातांना समजते. असा मेळावा जवळच्या शाळेत कोणत्या दिवशी आहे, याची चौकशी उन्हाळ्यातच करावी. जूनच्या मध्यास शाळा उघडते. नव्या पुस्तकांचा वास आणि रडणारी-हसणारी चिमणी मुले यांनी तो दिवस भरलेला असतो. १५ ऑगस्टचे ध्वजवंदन, ५ सप्टेंबरचा शिक्षकदिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचनप्रेरणा दिन असे वर्ष पुढे सरकते. दिवाळीच्या सुटीनंतर १४ नोव्हेंबरचा बालदिन व ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती येते.

जानेवारी हा तर सोलापूरकरांचा विशेष महिना. श्रीसिद्धरामेश्वरांची यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूक यांनी शहर गजबजते; गड्ड्यावर जाण्यासाठी मुले दिवस मोजीत असतात. त्याच महिन्यातील १२ तारीख मात्र मस्तक नमविण्याची आहे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे आपले चार हुतात्मे १९३१ साली याच दिवशी येरवड्यास फासावर गेले. चार घरचे, चार रीतींचे, पण मरण एकत्र पत्करणारे! त्यांची नावे आपल्या मुलांना तोंडपाठ असावीत, आणि ती शाळेच्या आधी घरातून कानी पडावीत.

हा सारा क्रम सांगण्याचा हेतू इतकाच, की या दिवशी शाळेत पालक दिसावेत. इंग्रजी माध्यमाकडे वळणाऱ्या कुटुंबांस दोष देण्याची आमची इच्छा नाही; मुलाचे हित कोणास नको असते? परंतु एक परिणाम ध्यानात घ्यावा. ज्याचे मूल शाळेतून जाते, त्याची पालक म्हणून समितीतील जागाही जाते. बोलू शकणारे निघून जातात आणि ज्यांना बोलण्यास वेळ नाही, ते मागे राहतात. पट उतरतो, आणि पटावरच शिक्षकांची पदे ठरतात. पदे उतरली की उरलेल्यांचेही मन उडते. अशा रीतीने शाळा एका दिवसात बंद होत नाही, ती हळूहळू रिकामी होते.

मागे राहिलेल्यांची अडचण काय असते? यंत्रमागावरील कामगार पाळी सोडून सभेस येऊ शकत नाही. विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजारी विड्यांवर ठरते. सकाळी अकराच्या सभेस ती आली तर त्या दिवसाच्या विड्या कमी भरतात, आणि तेवढा घास घरात कमी पडतो. तिला शिक्षणाची आस्था नाही असे म्हणणे हा अन्याय होय. तिला सवड नाही, एवढेच खरे.

म्हणून या सभेपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली: संघाने आपले सभागृह महिन्यातून एका सायंकाळी पेठेतील शाळांच्या पालकसभेसाठी विनामूल्य द्यावे, म्हणजे कष्टकरी मातापित्यांस मजुरी न बुडविता येता येईल. दुसरी: संघातील दोन-तीन जाणत्या मंडळींनी प्रवेशाचे अर्ज, दाखले व मुदती यांबाबत विचारेल त्याला साहाय्य करावे. तिसरी: पुढील संमेलनाच्या आदल्या दिवशी पेठेतील तिसरीच्या सर्व मुलांचे वाचन येथे व्हावे. त्यात पहिला-दुसरा क्रमांक नको, पारितोषिक नको. प्रत्येक मुलाने आपल्या भाषेत एक पान वाचावे आणि मोठ्यांनी बसून ऐकावे.

या तिन्ही सूचनांत ‘आपल्या ज्ञातीची मुले’ असे शब्द आम्ही बुद्ध्याच घातलेले नाहीत. शाळेच्या बाकावर आपले मूल ज्याच्या शेजारी बसते, ते मूल मागे राहिले तर आपले मूल पुढे गेले असे म्हणता येत नाही. पूर्वजांनी हे सभागृह वर्गणी गोळा करून उभारले, ते आपल्या लोकांना आधार मिळावा म्हणून. त्याच आधाराची कक्षा पेठेएवढी वाढविली, तर पूर्वजांचा हेतू मोडणार नाही. तो वाढीसच लागेल.

कार्यकारी मंडळाने या सूचनांचा ठरावरूपाने विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.