लावदिकीयाची श्रीमंती

गर्व आणि अज्ञान हे ख्रिस्ती जीवनातील दोन वेगवेगळे दोष मानण्याची रीत आहे. परंतु नव्या करारातील शेवटच्या, म्हणजे ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात लावदिकीयाच्या मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला, जे पत्र आहे, त्यात हे दोन्ही दोष एकाच वाक्यात येतात. ही मंडळी स्वतःला धनवान म्हणवते, आपल्याला कशाचीही उणीव नाही असे समजते आणि आपण दरिद्री, आंधळे व उघडे आहोत याचा तिला पत्ताच नाही, असा त्या वाक्याचा आशय आहे.

या तीन विशेषणांचा रोख त्या शहराकडे पाहिल्यावाचून कळत नाही. आजच्या तुर्कस्तानात देनिझलीजवळ ज्याचे अवशेष आहेत, ते लावदिकीया पैशाच्या देवघेवीचे मोठे ठाणे होते; इ.स.पू. ५१ मध्ये किलिकिया प्रांताचा कारभार पाहण्यास निघालेल्या रोमन मुत्सद्दी सिसेरोने आपली सरकारी रक्कम तेथेच उचलण्याचा बेत केला होता. इ.स. ६० च्या भूकंपात शहर कोसळले, तेव्हा रोमची मदत न घेता ते स्वबळावर उभे राहिले, अशी नोंद इतिहासकार टॅसिटसने केली आहे. तेथील मेंढ्यांच्या काळ्याभोर, मऊ लोकरीची वाखाणणी भूगोलकार स्ट्रेबो करतो आणि जवळच वैद्यकाची शाळा असल्याचेही तोच सांगतो. प्राचीन वैद्यकात नावाजलेले फ्रुगिया प्रदेशाचे नेत्रचूर्ण याच शहरातले, असे काही भाष्यकार छातीठोकपणे लिहितात. तेवढा पुरावा मात्र नाही. तरीही पेढ्यांच्या गावाला दरिद्री आणि लोकरीच्या गावाला उघडे म्हणण्यातला टोला तेथील श्रोत्यांना नक्कीच झोंबला असेल.

म्हणजे हा गर्व पोकळ नव्हता, आणि खरा धोका तेथेच होता. ज्या बढाईला आधार नसतो ती चारचौघांत उघडी पडते. पण जिच्यामागे खरे कर्तृत्व असते, तिला हटकण्याचे कोणाच्या मनातही येत नाही आणि माणूस आपल्या आत्मिक स्थितीचा अंदाजही त्याच मापाने बांधू लागतो. हे अज्ञान शिकवणीच्या अभावातून आलेले नव्हते. नव्या करारातलेच कलस्सैकरांस, म्हणजे कलस्सै येथील मंडळीला, लिहिलेले पत्र लावदिकीयातही वाचले जावे, अशी सूचना त्या पत्राच्या चौथ्या अध्यायात स्पष्टपणे दिलेली आहे; तेव्हा प्रेषितांचे वचन या लोकांच्या कानांवर पडले नव्हते, असे म्हणता येत नाही. शास्त्र माहीत असून स्वतःची ओळख नसणे, असे या अज्ञानाचे स्वरूप होते. घराण्यातील पहिला बाप्तिस्मा कोणत्या साली झाला आणि चर्चच्या इमारतीला वर्गणी कोणी किती दिली, हे ज्या मंडळ्यांत तोंडपाठ असते, त्यांना हे पत्र परके वाटू नये.

याउलट त्याच पुस्तकात स्मुर्णा येथील मंडळीची गरिबी मान्य करून तिला धनवान म्हटले आहे, आणि तिच्यावर एकही ठपका नाही.

दारापाशी उभा राहून ठोठावणाऱ्या ख्रिस्ताचे चित्र अनेक ख्रिस्ती घरांत भिंतीवर असते. ते दार अविश्वासी माणसाच्या हृदयाचे आहे, असे प्रवचनांतून सर्रास सांगितले जाते. पण ज्या ओवीवरून हे चित्र आले, ती लावदिकीयाच्याच पत्रातली आहे, आणि ज्यांना ते दार उघडण्यास सांगितले आहे ते नियमाने उपासनेला जमणारे ख्रिस्ती लोक आहेत.