वही कुणाच्या हाती?



निपाणीत बाजारभावावर बोलायचे तर १९८१ साल टाळता येत नाही. तंबाखूचा भाव व्यापारी आपसांत ठरवतात, हे शेतकऱ्याचे जुने गाऱ्हाणे. रास्त भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी, बायाबापड्यांसह, पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला. १२ शेतकरी गेले.

गाऱ्हाणे होते, पण पुरावा कुठून आणायचा? असे संगनमत चहाच्या कपावर होते, कागदावर नाही.

२००२ च्या स्पर्धा कायद्याने दोन गोष्टी केल्या. तोंडी समजुतीलाही करार मानले, आणि कटातल्या ज्याने आधी येऊन कबुली व पुरावा दिला त्याला दंडात पूर्ण माफीही मिळू शकेल, अशी सोय ठेवली. कारण कट फुटतो तो आतल्या अविश्वासाने. एक जण गुपचूप चार रुपये जास्त देऊन माल उचलतो आणि बाकीचे बघत राहतात.

आता ब्लॉकचेन आली आहे. सोप्या शब्दांत, ही सगळ्यांकडे एकसारखी असलेली वही. प्रत्येक पानावर आधीच्या पानाची मोहर असते, म्हणून मागची नोंद खोडली की लगेच कळते. उद्या दहा खरेदीदारांनी अशी खाजगी वही ठेवली, तर भाव मोडणारा त्याच दिवशी सापडेल. त्याची अनामतही संगणक आपोआप जप्त करील. मग अविश्वास उरणार नाही आणि कबुली द्यायलाही कुणी येणार नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये ब्लॉकचेन आणि स्पर्धा या विषयावर चर्चापत्र काढले, ते उगाच नव्हे.

पण याच वहीला दुसरी बाजू आहे. चहाच्या कपावरचे बोलणे विरून जाते, ही नोंद विरत नाही. आयोगाच्या हाती तिची किल्ली आली, तर दहाही जणांचा कबुलीजबाब तारीखवार लिहिलेला सापडेल.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. यंत्र ना व्यापाऱ्याचे, ना शेतकऱ्याचे. वही कुणाला उघडता येते, यावर सारे अवलंबून आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला वखारीतली वही वाचू दिली नाही. नातवंडांच्या पिढीने नवी वही वाचण्याचा हक्क आधी मागावा, आणि मग तिच्यावर अंगठा उठवावा.