बटण आपल्या हाती, फोन दुसऱ्याच्या

रविवारीही फोन सायलेंटवर टाकायला कचरणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

आपल्या संमेलनाच्या दुपारच्या सत्रात एक ठराव येणार आहे आणि त्याच्या मागचा विचार अध्यक्ष म्हणून मला जरा सविस्तर मांडायचा आहे.

आपण भायखळ्यात जमलो आहोत. खटाव मिल इथलीच. १९८२च्या गिरणी संपाआधीचा हा भाग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना साचेखातं सांगायला नको. साचा, म्हणजे कापड विणण्याचा माग, जमिनीत घट्ट बसवलेला असायचा. माणूस भोंग्यावर यायचा आणि पाळी संपली की साचा तिथेच ठेवून चाळीत परतायचा. मालकाची हुकमत केवढीही असो, यंत्राच्या बाबतीत ती गिरणीच्या दरवाजाशी संपायची. आपल्या काळात यंत्रच माणसाबरोबर घरी जायला लागलं. मार्च २०२०मध्ये तर टाळेबंदीच्या तोंडावर टॅक्सीतून, टेम्पोतून, मिळेल त्या वाहनानं लॅपटॉप विरारला, बदलापूरला, पनवेलला पोचवले गेले. तेव्हापासून कंपनीचं यंत्र मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे आणि कंपनीचं ईमेल माणसाच्या स्वतःच्या फोनमध्ये, बारशाच्या फोटोंशेजारी. या दोन्ही ठिकाणी लांबून पोचणारा हात आपला, म्हणजे कंपन्यांचे संगणक आणि फोन सांभाळणाऱ्यांचा, आहे. पॉलिसी पुश करतो ते आपण, लॉक करतो ते आपण, पुसून टाकतो तेही आपणच.

या हातानं किती घाई करावी, याचा सगळ्यात महागडा दाखला १९ जुलै २०२४चा. शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रणालीची एक छोटी फाइल आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर सुटली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. मुंबईतली ऑफिसं उघडण्याची अगदी तीच वेळ. त्या ७८ मिनिटांत ज्या विंडोज यंत्रांनी ती फाइल घेतली, ती निळा पडदा दाखवून पुन्हापुन्हा बंद पडत राहिली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार अशी यंत्रं ८५ लाख होती, म्हणजे जगातल्या एकूण विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी. तरी विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यायची वेळ आली. कारण काय, तर फाइलची अपेक्षा २१ रकान्यांची होती आणि प्रोग्राम २० रकानेच पुरवत होता. गंमत अशी, की त्या सकाळी ज्यांची लोकल रखडली आणि लॅपटॉप पिशवीत बंद राहिला, त्यांची यंत्रं सुखरूप राहिली. लेटमार्कवाल्यांना एवढा मान आपल्या क्षेत्रात पूर्वी कधी मिळाला नव्हता.

फाइल मागे घेतल्यानं पडलेली यंत्रं उठत नव्हती. बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्र हातात घ्यायचं, सेफ मोडमध्ये न्यायचं, फाइल काढायची. त्यात डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की टाकायची. सहा-सहा आकड्यांचे आठ गट फोनवरून वाचून दाखवायचे, पलीकडे डोंबिवलीत कुणाची तरी आई चष्मा सावरत ते टाइप करणार, एक आकडा चुकला की तो गट पुन्हा. ज्यांच्या या किल्ल्या ठेवलेला सर्व्हरच निजला, त्यांचं काय झालं ते चहाच्या वेळी एकमेकांना सांगा.

मला त्यातली एक बाब जास्त खुपते. कित्येकांनी नियमाप्रमाणे प्रोग्रामची एक आवृत्ती मागे राहण्याची काळजी घेतली होती. ही फाइल त्या नियमाच्या कक्षेत येतच नव्हती, ती सरसकट सगळ्यांकडे गेली. टप्प्याटप्प्यानं पाठवायची सोय त्या कंपनीनं नंतर केली. आपण इतरांना दोष देण्याआधी आपल्या ऑफिसात पाहू. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपण कामाला येईपर्यंत बुधवार उजाडतो. त्या बुधवारी पहिल्या टप्प्यात कोणाची यंत्रं असतात? माझं मत ठाम आहे: आपली स्वतःची. पुष्कळ ठिकाणी पहिला बळी स्वागतकक्षातला संगणक असतो, कारण तिथून ओरड झाली तरी वरपर्यंत पोचत नाही. दुसऱ्या टप्प्यात साहेबांचं यंत्र जरूर घ्या. लेखा विभागाला मात्र २० तारखेच्या जीएसटीच्या धांदलीत हात लावू नका. आणि ऑफिस भायखळा-लालबागच्या टापूत असेल, तर गणपतीच्या दहा दिवसांत मोठा बदल काढूच नका. यंत्र पडलं तर तुम्ही तिथे पोचणार कसे?

आता दुसरी घटना. तिची चर्चा आपल्या संमेलनांत होत नाही, याचं मला नवल वाटतं. २०१९च्या सुमारास महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना पोषण अभियानाच्या कामासाठी सरकारी फोन मिळाले. लाखाच्या घरातला ताफा, आणि गावोगाव विखुरलेला! इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी एवढा ताफा सांभाळला आहे? फोनची रॅम २ जीबी. २०२१मध्ये आधीच्या ॲपच्या जागी पोषण ट्रॅकर आलं, तेही इंग्रजीत. फोन तापायचे, अडकायचे. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा भार सेविकेच्या मानधनावर. ऑगस्ट २०२१मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले.

वर्तमानपत्रांत हे आंदोलन म्हणून छापून आलं आणि ते आंदोलन होतंच. मी मात्र ती बातमी आपल्या व्यवसायातला अहवाल म्हणून वाचतो. फोन किती वर्षं वापरायचा आहे आणि वॉरंटी किती वर्षांची आहे, हे दोन आकडे खरेदीच्या कागदावर शेजारी लिहिले असते तर? ॲप बदलताना ते हातातल्याच फोनवर महिनाभर चालवून पाहिलं असतं तर? बिघडलेल्या फोनच्या बदल्यात देण्यासाठी तालुक्याला काही सुटे फोन असते तर? हे कुठलंही गूढ तंत्रज्ञान नाही, आपल्या क्षेत्राची बाराखडी आहे. आणि त्या बायकांनी जे केलं ते आपल्या कंपन्यांतले कर्मचारी करत नाहीत एवढंच. ते फोन परत करत नाहीत, गुपचूप कंपनीचं काम स्वतःच्या व्हॉट्सॲपवर हलवतात. मग आपला डॅशबोर्ड हिरवागार दिसतो आणि आपण खूश.

असं का होतं? कारण बहुतेकांना आपण नेमकं काय पाहतो ते ठाऊकच नसतं. अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल वेगळं असतं. त्यातून कंपनीला फोनचं मॉडेल, प्रणालीची आवृत्ती, कामाची ॲप दिसतात. खासगी फोटो, मेसेज दिसत नाहीत. कंपनीनं दिलेल्या, पूर्ण ताब्यातल्या फोनचं गणित वेगळं. आपल्या कन्सोलवर ‘रिटायर’ आणि ‘वाइप’ ही बटणं जवळजवळ असतात. पहिलं कंपनीपुरतं काढून घेतं, दुसरं, जिथे ते चालतं तिथे, सगळा फोन कोरा करतं. हा फरक आपल्याला पाठ आहे. ज्याचा फोन आहे त्याला तो कोणीही सांगितलेला नाही. त्यानं सही केली ती सात पानी इंग्रजी कागदावर, रुजू होण्याच्या दिवशी, बँकेच्या फॉर्मबरोबर.

हे सांगण्याचं काम कायदा आपल्याकडून करून घेईल असं समजू नका. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची तरतूद आहे. नियमही नोव्हेंबर २०२५मध्ये आले. पण नोकरीच्या कारणांसाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरण्याची काही मुभा त्याच कायद्यात आहे. म्हणजे फोन नोंदवताना मराठीत समजावून सांगण्याची सक्ती आपल्यावर होईलच असं नाही. ती आपण आपल्यावर घालून घ्यावी, एवढाच आजचा ठराव.

मसुदा तुमच्या फोल्डरमध्ये आहे. मराठीतलं एक पान: काय दिसतं, काय दिसत नाही, नोकरी सोडताना काय काढलं जातं, ‘वाइप’ कोणाच्या परवानगीनं होतं, आणि तक्रार कोणाकडे करायची. फोन नोंदवण्याआधी ते वाचून दाखवायचं, नुसतं पाठवायचं नाही. फोनचं ठिकाण दिसावं का, यावर कार्यकारिणीत एकमत झालेलं नाही. विक्री आणि डिलिव्हरीची माणसं सांभाळणारे सहकारी म्हणतात, फोन हरवला तर ठिकाण लागतंच. मला ते फोन हरवल्याची तक्रार आल्यावरच मान्य आहे, एरवी कामाच्या वेळेतही नाही. चर्चा अडीच वाजता सुरू होईल. दुरुस्त्या लेखी द्या आणि मतदानाआधी कोणी लोकल पकडू नका.