देखाडनार हुंडी आणि टोकन : सुरक्षित नकाशांची मराठी

(सुरत येथे लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी साहित्याचा प्राध्यापक संगणकाच्या कुलपांवर बोलणार आहे, हे ऐकून काही चेहऱ्यांवर हसू उमटलेले मला दिसले. ते रास्तच आहे. मी आयुष्यभर बखरी, जुनी पत्रे आणि कविता शिकवत आलो. हा विषय मी निवडलेला नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने तो माझ्यापुढे आणून ठेवला.

हा मुलगा लिंबायतचा. वडील धुळे जिल्ह्यातून यंत्रमागावर कामाला आले आणि इथलेच झाले. मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत शिकला, पुढे संगणकाकडे वळला आणि जावा या भाषेत प्रोग्रॅम लिहू लागला. पडद्यावर शहराचा नकाशा दाखवायचा आणि त्यावर पाणी तुंबणाऱ्या जागा खुणावायच्या, असे त्याचे काम होते. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले होते, त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

एके दिवशी तो उतरलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. नकाशाच्या सेवेसाठी मिळालेले टोकन त्याने आपल्या प्रोग्रॅमच्या मजकुरातच लिहून ठेवले होते. ते दीर्घ मुदतीचे होते. ती फाइल त्याने एका मित्राला दिली, मित्राने आणखी कोणाला दिली, आणि कुठल्याशा अनोळखी माणसाने याच्या नावावर इतके नकाशे मागवले की याचा ठरलेला वाटा संपून गेला. तो म्हणाला, "सर, सूचना मी वाचली होती. त्यात 'बेअरर टोकन' असं स्पष्ट लिहिलं होतं. शब्द वाचला, पण तो काय म्हणतोय ते कळलं नाही."

मित्रहो, मला अस्वस्थ केले ते या शेवटच्या वाक्याने. मुलगा हुशार होता आणि सूचना खोटी नव्हती. मधे आडवी आली ती भाषा. म्हणून मी त्याला म्हणालो, "तू मला यंत्र समजावून सांग, मी तुला शब्द समजावून सांगतो." आमच्या त्या बैठकांतून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी यंत्र. पडद्यावर दिसणारा नकाशा आपल्या संगणकात नसतो, तो दूरच्या सर्व्हरवर असतो. आपला प्रोग्रॅम त्याच्याकडे मागणी करतो, "या चौकोनातला भाग दे." तो भाग येतो. तुम्ही नकाशा जरा सरकवला की नवी मागणी, मोठा केला की आणखी एक. दोन-चार मिनिटांत अशा कितीतरी मागण्या जातात. आता नकाशा जर सर्वांसाठी खुला नसेल, म्हणजे त्यावर शहराच्या जलवाहिन्या, वीजतारा किंवा मिळकतींचा तपशील असेल, तर प्रत्येक मागणीला मागणारा कोण हे पाहावे लागणार. पण दर वेळी नाव आणि पासवर्ड पाठवायचा म्हणजे घराची किल्ली दिवसातून शंभरदा रस्त्यावरून फिरवायची. यावर तोडगा म्हणून टोकन आले.

माझ्या वयाच्या लोकांना बँकेतले पितळी टोकन आठवत असेल. आपण खिडकीवर चेक द्यायचा. कारकून आपल्याला नंबर कोरलेला पितळी बिल्ला देई. चेक आत जाई, तिथे सही ताडून पाहिली जाई, आणि मग रोखपाल नंबर पुकारी. आपण बिल्ला दाखवून पैसे घ्यायचे. रोखपाल आपल्याला ओळखत नसे आणि त्याने ओळखण्याची गरजही नसे. ओळख पटवण्याचे काम दुसऱ्या टेबलावर झालेले असे. त्याचा विश्वास बिल्ल्यावर असे.

नकाशाच्या सेवेत नेमके हेच होते. एस्री या कंपनीचा आर्कजीआयएस सर्व्हर जगभर वापरला जातो, त्याचे उदाहरण घेऊ. प्रोग्रॅमने रिकाम्या हाताने सुरक्षित नकाशा मागितला, तर सर्व्हर ४९९ हा आकडा पाठवतो. त्याचा अर्थ, टोकन पाहिजे. मग प्रोग्रॅम टोकन देणाऱ्या खिडकीवर जातो, तिथे एकदाच नाव आणि पासवर्ड देतो, तेही सांकेतिक केलेल्या बंद वाटेने. बदल्यात अक्षरांची एक लांबलचक माळ मिळते. तेच टोकन. पुढच्या प्रत्येक मागणीला ते जोडायचे. त्याला मुदत असते. ती संपली की ४९८ हा आकडा येतो. म्हणजे टोकन चालणार नाही, नवे आणा. जावामध्ये लिहिणाऱ्यांसाठी कंपनीने जी साधने दिली आहेत, त्यांत हा सगळा व्यवहार सांभाळणारा एक कारभारीच असतो. सर्व्हरने अडवले की तो पुढे होतो, ओळख पटवतो, टोकन आणतो आणि अडलेली मागणी पुन्हा पाठवतो.

इथपर्यंत बँकेची उपमा चालते. पुढे ती तुटते. पितळी बिल्ला एकच असे, त्याची नक्कल करणे सोपे नव्हते. हे टोकन म्हणजे नुसता मजकूर. त्याच्या हव्या तेवढ्या नकला क्षणात होतात, आणि नक्कल अस्सलाइतकीच चालते. बेअरर टोकनचा अर्थ हाच, की ते ज्याच्या हातात, त्याला सेवा मिळणार. दाखवणारा कोण हे विचारले जाणार नाही. या टोकनांचे जे प्रमाण नियम ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांतही हाच अर्थ धरला आहे.

आता शब्दांकडे येतो, आणि त्यासाठी मला सुरतेबाहेर जावे लागत नाही. हे शहर हुंड्यांचे शहर होते. सतराव्या शतकात इथल्या वीरजी व्होरांकडून इंग्रज कंपनी कर्ज घेत असे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांचे सैन्य सुरतेत आले तेव्हा ज्यांच्या वाड्यांवर चालून गेले त्यांत व्होरांचा वाडा होता. अशा पेढ्यांनी चालवलेल्या व्यवहारात हुंडीचे प्रकार किती बारकाईने केले होते ते पाहा. दाखवताच पैसे मिळतील ती दर्शनी. ठरावीक दिवसांनी मिळतील ती मुदती. ज्याचे नाव लिहिले त्यालाच मिळतील ती नामजोग. पेठेत पत असलेल्या शाहालाच मिळतील ती शाहजोग. आणि जो कोणी आणून दाखवील त्याला पैसे मिळतील, ती देखाडनार. काही ठिकाणी देखावनहारही म्हणत.

मी मुलाला म्हटले, "तुझं बेअरर टोकन म्हणजे देखाडनार हुंडी." तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "म्हणजे मी सही केलेली देखाडनार हुंडी मित्राच्या हातात दिली!" दोन वर्षे इंग्रजीत वाचलेली गोष्ट त्याला एका शब्दात दिसली. पुढचे त्यानेच जोडले. टोकन एका विशिष्ट वेबपत्त्याला किंवा एका संगणकाच्या आयपी पत्त्याला बांधून देता येते, म्हणजे ते दुसरीकडून वापरता येऊ नये. ही झाली नामजोगकडे जाणारी वाट. हुंडी हरवली तर पेठ लिहून देत, तीही हरवली तर परपेठ. टोकन हातचे गेले तर जुने रद्द करून नवे घ्यायचे. इथे मात्र एक फरक आहे. हुंडी हरवली की ती आपल्याजवळ नाही हे लक्षात येते. टोकन चोरीला गेले तरी आपल्याजवळ असतेच. म्हणून त्याची मुदत थोडी ठेवणे हाच शहाणपणा.

दुसरा शब्द माझ्या रोजच्या अभ्यासातला. मराठेशाहीतल्या पत्रांवर सुरुवातीला मुद्रा असे आणि शेवटी मोर्तब. मोर्तब जिथे उमटले तिथे मजकूर संपला. त्याखाली कोणी एक ओळ जरी घुसडली तरी ती उघडी पडावी ही त्यामागची सोय. आजचे एक प्रचलित टोकन, जेसन वेब टोकन, तीन भागांचे असते आणि भागांमध्ये टिंब असते. पहिल्या भागात टोकनचा प्रकार, दुसऱ्यात कोणाचे, कशासाठी, कधीपर्यंत हा तपशील, आणि तिसऱ्यात डिजिटल सही. वरच्या मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ही सही जुळत नाही. म्हणजे तिसरा भाग हे मोर्तबच. पण नीट ऐका, मोर्तब मजकूर झाकत नाही. पत्र कोणीही वाचू शकतो, फक्त बदलू शकत नाही. मधला भाग गिचमिड दिसतो म्हणून तो गुप्त आहे असे पुष्कळ विद्यार्थी समजतात. प्रत्यक्षात तो कोणालाही सहज उलगडता येतो. त्यात गुपित लिहू नये.

कोणी विचारेल, नकाशाला कुलूप हवेच कशाला? भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून नकाशे करतो आहे, आणि त्यांतले पुष्कळ दीर्घकाळ सामान्य माणसाला सहज मिळत नव्हते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीचे नकाशे आणि लोकांसाठीचे खुले नकाशे अशा दोन मालिका केल्या. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांसाठी बरीच बंधने सैल केली. म्हणजे पूर्वी प्रश्न एवढाच होता की नकाशा कपाटात की कपाटाबाहेर. आता कोणाला कोणता थर दिसावा, हे ठरवायचे आहे. पुराची रेषा सर्वांना दिसलीच पाहिजे. जलवाहिनीच्या झडपा कुठे आहेत हे सर्वांना दिसायला नको. हा निवाडा अमलात आणण्याचे एक हत्यार टोकन आहे.

मग टोकनला मराठीत काय म्हणावे? शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. त्या कोशापुढे मी नम्र आहे. पण परवाना, दस्तऐवज, मोर्तब हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत, हेही खरे. उलट सावरकरांचा 'महापौर' असा रुळला की तो घडवलेला शब्द आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. शब्द टिकतो तो वापराने. माझे मत असे, की टोकन हा शब्द राहू द्यावा. दवाखान्यात, बँकेत आपल्या आईवडिलांनी तो कधीच आपला केला आहे. मराठी हवी ती त्याच्या स्वभावाच्या वर्णनाला. 'प्रमाणीकरण' आणि 'प्राधिकरण' हे दोन शब्द मुले पाठ करतात आणि परीक्षेत उलटसुलट लिहितात. त्यांना सांगा, एक म्हणजे ओळख पटणे आणि दुसरे म्हणजे मुभा असणे. शिपाई आपल्याला ओळखतो म्हणून तिजोरीच्या खोलीत सोडत नाही. एवढ्याने गोंधळ मिटतो.

शिक्षक मित्रहो, हा प्रश्न संगणकवाल्यांपुरता नाही. तुमच्या घरी मोबाइलवर ओटीपी येतो. तोही एका वेळेपुरता परवानाच. ज्याला कळला त्याचा झाला. तो कोणाला सांगू नका ही सूचना बहुधा इंग्रजीत येते, आणि उधना-पांडेसऱ्यातली एखादी आजी फोनवर गोड बोलणाऱ्याला तो वाचून दाखवते. तिची आयुष्यभराची कमाई एका न कळलेल्या वाक्यावर जाते. आपण इथे मराठी शिकवतो. ती मराठी या आजीच्या कामी येत नसेल तर आपल्याला आपल्या कामाकडे पुन्हा पाहावे लागेल. माझी विनंती लहान आहे. वर्गातल्या प्रत्येक मुलाला अशी एक इंग्रजी सूचना द्या आणि ती घरच्या मराठीत, अहिराणीत लिहून आणायला सांगा. घरी वाचून दाखवल्याशिवाय गुण देऊ नका.

त्या मुलाने ते टोकन रद्द केले, थोड्या मुदतीचे नवे घेतले आणि ते फाइलमध्ये न लिहिता वेगळे ठेवायला शिकला. एका रविवारी त्याने वडिलांना सगळी हकिकत सांगितली, बँकेच्या बिल्ल्यासकट. ऐकून वडील म्हणाले, "मग 'हे कोणाला दाखवू नका, दाखवाल तर गेलं' असं सरळ का लिहीत नाहीत?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. असे सरळ लिहिणे हे आपल्यापैकी कोणाचे तरी काम आहे, एवढेच मी सांगू शकतो.