कमाई कोणाची, निर्णय कोणाचा



स्त्रियांच्या रोजगाराची चर्चा बहुधा मिळकतीच्या आकड्यापाशी थांबते. कामाची वेळ, मोबदला आणि भांडवल यांविषयी स्वतः ठरवता येणे, म्हणजेच स्वायत्तता, हा प्रश्न त्याहून मूलभूत असूनही मागे पडतो.

मुंबईच्या गिरणगावात, घाटावरून आणि कोकणातून एकट्याने आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या कोणाच्याही नोकर नव्हत्या. चूल त्यांची, कष्ट त्यांचे, गिऱ्हाईकही त्यांचेच. तथापि जेवणाचे पैसे कामगाराचा पगार झाल्यावर हाती येत आणि तांदूळ, डाळ, रॉकेल मात्र आधी भरावे लागे, त्यामुळे मधल्या दिवसांसाठी वाण्याची उधारी किंवा सावकाराचे कर्ज अटळ होई, प्रसंगी मंगळसूत्र गहाण पडे, आणि दिवसभर राबलेल्या बाईच्या हाती काय उरावे हे व्याजाचा दर ठरवी. 1969 च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांनी लहान व्यावसायिकांकडे वळावे असे धोरण आले खरे, पण तारणाची अट आडवी येतच राहिली. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने बायकांचे गट बांधून एकीसाठी दुसरीने जामीन राहण्याची, म्हणजे सामूहिक हमीची, वाट काढली. स्वयंपाक तोच राहिला. सावकाराचा उंबरा मात्र सुटला, आणि ही गोष्ट सामान्य नव्हे.

घरबसल्या कामाला सरसकट मुक्ती समजणेही चुकीचे आहे. सोलापुरात विडी वळणारी बाई आणि लिज्जतचा पापड लाटणारी बाई, दोघीही घरीच काम करतात आणि दोघींनाही मोजणीवर वा वजनावर पैसे मिळतात. परंतु विडी कामगाराच्या हजारांतून किती विड्या खराब म्हणून काढायच्या हे कारखान्याचा माणूस ठरवतो, तर 1959 मध्ये गिरगावातील सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतमध्ये लाटणारी प्रत्येक ‘बहीण’ संस्थेची सहमालक असते आणि नफ्यातोट्यात तिचा वाटा असतो.

अर्थात, अशा स्वायत्ततेचा आवाकाही ओळखला पाहिजे. 18 जानेवारी 1982 पासूनच्या गिरणी संपात हजारो कामगार गावी परतले आणि खानावळींची गिऱ्हाइके तुटली. ज्या उद्योगावर त्यांच्या चुली अवलंबून होत्या, त्याच्या भवितव्याच्या वाटाघाटींत मात्र खानावळवाल्यांना जागाच नव्हती.